बुधवारी कुलूप

फॉर्मवर चौकोन दोनच होते.
स्वतः राहणार. भाड्याने देणार.
वैरागडे साहेब म्हणाले, टाका ना मॅडम, टिक टाका.
मी म्हटलं, मी शुक्रवारी रात्री अकराला येते,
सोमवारी पहाटे चारला निघते.
मधल्या चार रात्री अहेरीला,
कॉलेजमागची एक खोली, एक खाट,
तपासायच्या अडतीस वह्या.
याला काय म्हणायचं?
त्यांनी चष्मा काढून पुसला.
सिस्टिममध्ये तिसरा ऑप्शन नाही येत, म्हणाले.

चार वर्षं भाड्याने राहतेय मी त्या घरात,
बेसा रोड, तिसरा माळा, दोन खोल्या.
मालक पुण्याचे झाले. फोन केला त्यांनी,
विकतोय, आधी तुम्हाला विचारतो.
विचारल्याचं इतकं बरं वाटलं
की भाव करायचाच राहून गेला.

माझे ब्रश दोन आहेत, कंगवे दोन,
चहापत्तीचे डबे दोन.
दूध नेहमी चुकीच्या गावात नासतं.

मग कागद.
तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, नासुप्रचं आर.एल.,
सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा,
आणि भोगवटा प्रमाणपत्र.
काउंटरवरच्या पोरीने तो शब्द
भाजीचं नाव घ्यावं तसा घेतला.
मी गणेशपेठच्या स्टँडवर परत येईपर्यंत
तो तोंडात घोळवत राहिले.
भोगवटा.
म्हणजे कोणीतरी कुठेतरी शिक्का मारून सांगणार
की हे घर आता भोगायला हरकत नाही.

बँकेचा माणूस पाहणीला आला
तो नेमका बुधवारी, दुपारी दोनला,
सप्टेंबरच्या चिकट उन्हात, तोंडाला दुपट्टा बांधून.
तेव्हा मी फळ्यावर मोल समजावत होते
आणि मागच्या बाकावरची करिश्मा मडावी
खिडकीतून बकऱ्या मोजत होती.
त्याने कुलपाचा फोटो काढला.
कुलूप फोटोत छान आलंय, नंतर फाइलमध्ये पाहिलं,
एकदम नवं, जणू कोणी कधी उघडलंच नसावं.

समोरच्या थावकर काकू दार उघडून उभ्या.
रायतेत न बापा त्या इथं.
शुक्करवारी रातच्याले साडेअकराले मिक्सर चालते पाय.
आमी झोपलो असतो तं जागे होतो.
तो म्हणाला, पण आज नाहीत ना.
आज बुधवार होय, काकू म्हणाल्या,
बुधवारचं काहून विचारता?

त्याने लिहिलं: शेजारी सांगतात, राहतात.
एवढ्यावर कर्ज मंजूर झालं.

सतरा वर्षं. निवृत्तीच्या महिन्यापर्यंत बरोबर मोजून,
हप्ता बावीस हजार चारशे.
एस.टी.त मी मागच्या पानावर हिशोब मांडला:
आठवड्याच्या तीन रात्री, वर्षाच्या बावन्न आठवडे,
सुट्ट्या जमेला, निवडणुकीच्या ड्युट्या वजा.
आष्टीच्या पुढे रस्ता इतका खराब
की आकडे पेनातून उड्या मारून पळाले.
एक कळलं तेवढं.
मी तीन दिवस राहीन तिथे.
व्याज सातही दिवस राहील,
सणावाराला, पावसाळ्यात, मी अहेरीला तापाने पडले असताना,
पंखा न लावता, पाणी न भरता,
ते एकटंच राहील त्या दोन खोल्यांत.
त्याला कोणी विचारणार नाही, बुधवारी होतात का घरी.

रजिस्ट्री झाली त्या शुक्रवारी बस उशिरा पोचली.
ऑटोवाला म्हणाला, बेसा? दोनशे लागतील.
रस्त्याने काही बोललो नाही आम्ही.
वर आले. चप्पल काढली. लाइट लावला.
कर्ज घेऊन विकत घेतलेली भिंत
कालच्यासारखीच होती, खिळ्याच्या भोकासकट.
भूक नव्हती. वाटायलाही काही नव्हतं घरात,
दोन मिरच्या, त्याही सुकलेल्या.
घड्याळात पावणेबारा.

मिक्सर जरा फिरवला, रिकामाच.

समोरच्या दाराआड कोणीतरी खोकलं,
मग बल्ब बंद झाल्याचा टिक.